प्रार्थनाही, पहाराही: विरोध सुरू झाला की नहेम्या कसा वाचावा

ख्रिस्ती मंडळीत एखादं काम काढलं की पहिले काही दिवस सगळ्यांना हुरूप असतो. मग कोणी टोमणा मारतं, कोणी पाळकसाहेबांच्या कानाला लागतं, कोणी "बसून बोलू" म्हणून निरोप धाडतं. काम काढणाऱ्याला अशा वेळी दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, "गुडघे टेका, बाकीचं देव बघेल." दुसरा म्हणतो, "प्रार्थनेचं ठीक आहे, आता व्यवहाराचं बोला." बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात हे दोन सल्ले एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. चौथ्या अध्यायाच्या नवव्या वचनात तो एका दमात सांगतो: आम्ही आमच्या देवाची प्रार्थना केली आणि त्यांच्याविरुद्ध रात्रंदिवस पहारा बसवला.

हे पुस्तक तुमच्या कामाला लावायचं असेल तर एक साधी वही घ्या. पहिले सहा अध्याय एका बैठकीत वाचून काढा. तिसऱ्या अध्यायात नावांची लांबलचक यादी आहे, तीही गाळू नका, ती पुढे उपयोगी पडेल. वाचताना वहीत दोन रकाने करा. नहेम्याने प्रार्थना केली ती वचनं एका बाजूला लिहा, आणि लगेच पुढे त्याने काय केलं ते दुसऱ्या बाजूला. दुसरा रकाना रिकामा राहील अशी जागा फार कमी सापडेल.

थोडी पार्श्वभूमी

काळ इ.स.पू. 445. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडून सुमारे एकशेचाळीस वर्षं झाली आहेत. यहूदी लोक बंदिवासातून परतले आहेत, मंदिर पुन्हा उभं आहे, पण कोट पडलेला आणि वेशी जळलेल्या. नहेम्या शूशन राजवाड्यात, म्हणजे आजच्या इराणच्या नैर्ऋत्य भागात, अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला प्याला देणारा सेवक आहे. राजाच्या जिवाशी निगडित अशी ही विश्वासाची जागा. तिथून तो हा कोट पुन्हा बांधायला यरुशलेमेला जातो.

विरोधकही लहानसहान नाहीत. सन्बल्लट म्हणजे गल्लीतला कोणी भांडकुदळ माणूस असं समजून आपण वाचतो, आणि तिथेच फसतो. मिसरातल्या नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर पपायरसावरची पत्रं सापडली आहेत. त्यातल्या इ.स.पू. 407 च्या एका पत्रात 'शोमरोनाचा अधिपती सन्बल्लट' असा उल्लेख आहे, त्याच्या दोन मुलांच्या नावांसह. म्हणजे उत्तरेला शोमरोनाचा हा अधिपती, पूर्वेला अम्मोनी तोबीया, दक्षिणेकडे अरबी गेशेम आणि पश्चिमेला अश्दोदकर. चारही बाजूंनी वेढलेल्या गावात हे काम चाललं होतं. "आमच्याकडे परिस्थिती वेगळी आहे" असं म्हणण्याआधी हे एकदा नकाशावर बघून घ्यावं.

पुढच्या पायऱ्या नुसत्या हवेत राहू नयेत म्हणून एक काम धरून चालू. समजा, तुमच्या मंडळीतल्या दोघा-तिघांना वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू करायची आहे. तुमचं काम वेगळं असेल तर ते तिथे घाला.

पायरी 1: आधी पुरती बातमी काढा

नहेम्याचा भाऊ हनानी यहूदातून, म्हणजे यरुशलेमेच्या प्रांतातून शूशनला आला तेव्हा नहेम्याने त्याला विचारलं. बंदिवासातून वाचून मागे राहिलेल्यांचं कसं चाललंय, आणि यरुशलेमेचं काय, असे दोन नेमके प्रश्न. उत्तर ऐकून तो खाली बसला, रडला, काही दिवस शोक केला, उपास केला.

आपल्या प्रार्थनासभेत हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. "वस्तीतली मुलं वाया चाललीत, प्रार्थना करा" एवढ्यावर आपण डोळे मिटतो. तसं करू नका. आठवडाभर जाऊन बघा. सातवी-आठवीतली मुलं किती, संध्याकाळी कुठे बसतात, घरात दिवा आणि जागा आहे का, शाळा कोणी सोडली आणि कोणत्या कारणाने. हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रडू आलं तर येऊ द्या, पण ते माहितीवर येऊ द्या. वाटल्या-वाटल्यावर आलेलं रडू मंगळवारपर्यंत टिकत नाही.

पायरी 2: प्रार्थना लिहून काढा

पहिल्या अध्यायातली प्रार्थना (वचनं 5 ते 11) हा घडवलेला मजकूर आहे. ती सावकाश वाचली की तिचे टप्पे दिसतात. देव कोण आहे हे तो आधी म्हणतो: भयप्रद, थोर आणि करार पाळणारा. मग रात्रंदिवस चाललेली आपली विनवणी त्याने ऐकावी म्हणून मागणं. मग पापाची कबुली, आणि त्यात "मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने" असे शब्द. कोट पडला तेव्हा नहेम्याचा जन्मही झालेला नव्हता, तरी तो "त्यांनी केलं" असं म्हणत नाही. त्यानंतर मोशेला दिलेल्या अभिवचनाची तो देवाला आठवण देतो: तुम्ही विखुरलात तरी वळलात तर मी गोळा करीन. आणि अगदी शेवटी मागणी, तीही एकच आणि आजची: आज या माणसासमोर मला यश दे, याला माझी दया येऊ दे.

'या माणसासमोर' म्हणजे पृथ्वीवरच्या त्या काळच्या सगळ्यात बलाढ्य राजासमोर. देवापुढे बसल्यावर नहेम्याला तो नुसता 'हा माणूस' दिसतो. विरोधक डोक्यावर बसला असेल तेव्हा हे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहेत.

तुमची प्रार्थना याच क्रमाने एका पानात लिहा. कबुलीच्या ओळीत स्वतःला घाला: "आमच्या मंडळीची खोली संध्याकाळी कुलूपबंद असते आणि पोरं रस्त्यावर असतात, हे आम्ही इतकी वर्षं बघत आलो." मागणीच्या ओळीत माणसाचं नाव आणि गोष्ट लिहा: अमुक विश्वस्तांनी खोलीची किल्ली द्यावी. "सर्व काही सुरळीत होवो" असं मागणं लिहिलंत, तर उत्तर आलं की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पायरी 3: थांबण्याच्या काळात अंदाजपत्रक तयार ठेवा

बातमी आली किस्लेव महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. राजाने विचारलं ते नीसान महिन्यात, मार्च-एप्रिलमध्ये. मध्ये चार महिने. इतके दिवस रोज त्याच राजाच्या हातात प्याला देताना नहेम्या काही बोलला नाही. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या दारात रोज जाऊन त्याला भंडावून सोडते. नहेम्याचा हट्ट तेवढाच, पण तो देवाच्या दारात. राजासमोर तो योग्य वेळेची वाट बघत राहिला.

त्या चार महिन्यांत तो नुसता डोळे मिटून बसला नव्हता, हे दुसऱ्या अध्यायावरून कळतं. राजाने "तुला काय हवं?" असं विचारल्याबरोबर त्याच्याकडे सगळं तयार होतं: किती दिवस लागतील, वाटेतल्या अधिपतींना कोणती पत्रं लागतील, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून किती कामांसाठी लाकूड लागेल. रखवालदाराचं नावसुद्धा माहीत होतं. हे आयत्या वेळी सुचत नाही.

आणि तरीही त्या क्षणी तो घाबरलेला होता. राजापुढे तोंड पाडून उभं राहणं धोक्याचं होतं, आणि "मी फार घाबरलो" असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यामध्ये एक छोटं वाक्य आहे: तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली. डोळे उघडे, ओठ बंद, एखाद्या श्वासाएवढी. ही छोटी प्रार्थना आपल्याला फार आवडते, कारण ती सोपी दिसते. पण तिच्यामागे चार महिन्यांचा उपास आहे. मुलाखतीच्या दारात म्हटलेलं "प्रभू, सांभाळ" चालतंच, मात्र आधीचे महिने कोरडे गेले असतील तर तेव्हा नेमकं काय मागायचं हेच सुचत नाही.

अभ्यासिकेसाठी या पायरीवर करायची कामं अशी: दिवे आणि सतरंज्या यांचा खर्च, कोण कोणत्या वारी बसणार, मुलींना घरी कोण सोडणार, आणि किल्ली मागायचं पत्र. पत्र लिहून तयार ठेवा, पाठवू नका. वेळ आली की पाच मिनिटांत हातात देता आलं पाहिजे.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. नहेम्याने राजाचे सरदार आणि स्वार सोबत घेतले. त्याच्या तेरा वर्षं आधी एज्रा शास्त्री त्याच वाटेने गेला, तेव्हा त्याला शिपाई मागायची लाज वाटली, कारण त्याने राजाला सांगितलं होतं की आमचा देव आम्हांला सांभाळतो. म्हणून त्याने अहवा नदीकाठी उपास केला आणि तो संरक्षणाशिवाय निघाला. दोघेही पोहोचले, आणि शास्त्र दोघांपैकी कोणालाही नावं ठेवत नाही. तेव्हा मदत घेणारा अल्पविश्वासी आणि न घेणारा मोठा विश्वासवीर, असली मोजमापं मंडळीत लावू नयेत.

पायरी 4: गवगवा करण्याआधी बघून या

यरुशलेमेत पोहोचल्यावर तीन दिवस नहेम्या काहीच बोलला नाही. मग रात्री, थोडी माणसं आणि स्वतःच्या बुडाखालचं एक जनावर एवढंच घेऊन खोरेवेशीतून बाहेर पडला. उकिरडावेशीकडून झऱ्याच्या वेशीकडे आला, तर पुढे मलब्यातून जनावर जायलाही वाट नव्हती. मग ओढ्याच्या कडेने वर जाऊन कोट पाहिला आणि परत फिरला. अधिकाऱ्यांना पत्ता नाही, याजकांना नाही.

देवाने मनात घातलेली गोष्ट लगेच व्यासपीठावरून सांगण्याची आपल्याला फार घाई असते. ती सांगितली की लोक टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी विरोधकही तयारीला लागतात, तुमचा हिशेब कच्चा असतानाच. त्यामुळे खोलीतली वायरिंग, गळकं छप्पर, शेजाऱ्यांची कुरकूर हे सगळं आधी पाहून घ्या.

सांगायची वेळ आली तेव्हा नहेम्याने दोन गोष्टी सांगितल्या: माझ्या देवाचा वरदहस्त माझ्यावर कसा होता, आणि राजा काय बोलला. साक्ष आणि मंजुरी. लोक म्हणाले, "चला, बांधू या."

पायरी 5: प्रत्येकाला त्याच्या घरासमोरचा तुकडा द्या

आता तो नावांचा अध्याय. सोनार बांधतायत, अत्तरं करणारे बांधतायत, अर्ध्या यरुशलेम प्रांताचा अधिकारी शल्लूम आपल्या मुलींसह बांधतोय. अनेकांच्या नावापुढे "आपल्या घरासमोर" असं येतं. स्वतःच्या उंबऱ्यापुढची भिंत कोणी कच्ची बांधत नाही, आणि हल्ला झाला तर तिथून पळतही नाही. तकोवाच्या सरदारांनी मात्र कामाला मान लावली नाही, हेही नोंदलं आहे. त्यांच्याशी वाद घालण्यात नहेम्याने एकही वचन खर्च केलेलं नाही. तकोवाच्या साध्या लोकांनी मग एक तुकडा जास्तीचा बांधला.

याच यादीत मशुल्लाम बरेख्याचा मुलगा हे नाव दोनदा येतं. लक्षात ठेवा.

पायरी 6: विरोध कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

आपण सरसकट 'सैतानाचा हल्ला' म्हणतो आणि सगळ्यावर एकच औषध देतो. नहेम्याने प्रत्येक प्रकाराला वेगळं उत्तर दिलं आहे.

*थट्टा.* सन्बल्लटाने आपल्या लोकांसमोर आणि शोमरोनाच्या सैन्यासमोर "हे दुबळे यहूदी काय करतायत?" असं विचारलं. तोबीया म्हणाला, यांच्या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती पडेल. यावर नहेम्याने तोबीयाला एका शब्दाचंही उत्तर दिलं नाही. तो देवाशी बोलला, आणि जे बोलला ते आपल्याला अवघडल्यासारखं करतं: यांची निंदा यांच्याच डोक्यावर उलटव, यांचं पाप झाकू नको. प्रभू येशूने शत्रूसाठी प्रार्थना करा असं सांगितल्यावर ही वचनं कशी वाचायची?

माझं मत असं. ही प्रार्थना उसनी घेऊन शेजाऱ्यावर म्हणायची नाही. पण राग कुठे नेऊन टाकायचा ते ती दाखवते. पोटातला कडूपणा नहेम्याने देवापुढे ओतला, आणि पुढचंच वचन आहे: मग आम्ही भिंत बांधली, ती निम्म्या उंचीपर्यंत आली. "चार दिवसांचं नाटक आहे" असं कोणी म्हटलं, तर त्या रात्री वहीत जे वाटतं ते सगळं लिहा, अगदी वाईट शब्दांत. मग त्या माणसाच्या भल्यासाठी एक ओळ लिहा, ती मनातून येत नसली तरी. आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी अभ्यासिका उघडा. उत्तर देऊ नका, ग्रुपवर तर नाहीच.

*धमकी.* भिंत निम्मी झाली तेव्हा थट्टा संपली आणि हल्ल्याचा कट शिजला. त्यातच आतून आवाज आला: भार वाहणाऱ्यांची शक्ती गळाली, मलबा फार आहे. आणि शत्रूच्या शेजारी राहणारे यहूदी दहादा येऊन सांगू लागले की सगळीकडून हल्ला होणार. भिंत निम्मी झाल्यावरच माणसं थकतात, कारण सुरुवातीचा हुरूप संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो.

नहेम्याने काय केलं? भिंत जिथे सगळ्यात खाली होती त्या उघड्या जागी माणसं उभी केली, आणि तीही कुळांप्रमाणे, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीमागे त्याची बायकोपोरं. "प्रभूला आठवा, तो थोर व भयप्रद आहे, आणि आपल्या भावांसाठी, मुलांसाठी, घरांसाठी लढा" असं सांगितलं. शिंग फुंकणारा स्वतःजवळ ठेवला. शिंग वाजलं की जिथून ऐकू येईल तिथून तिकडे धावायचं, कारण लोक भिंतीवर लांब लांब विखुरले होते.

प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय, इथे शेजारी ठेवून वाचा. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान धमक्या ऐकून सुटून आले तेव्हा मंडळीने धमक्या थांबाव्यात असं मागितलं नाही. "त्यांच्या धमक्यांकडे बघ, आणि आम्हांला तुझं वचन धैर्याने सांगता येऊ दे" असं मागितलं.

थकल्या मधल्या काळासाठी तुमच्याकडे शिंग हवं. तिघांनी आपसांत ठरवा: कोणाचा फोन आला की दुसरे काही न विचारता पोहोचायचं. आणि सगळ्यात खालची जागा कोणती ते ओळखा. अभ्यासिकेत ती बहुधा मुलींचा घरी जायचा रस्ता असते. पहिला पहारा तिथे.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. विरोध म्हणजे मारहाण, पाठलाग, जिवाची धमकी असेल, तर "सहन कर आणि प्रार्थना कर" हा सल्ला नहेम्याच्या पुस्तकात नाही. त्याने पहारा बसवला. आपल्याकडे पहारा म्हणजे 112, स्त्रियांसाठी 181, लेखी तक्रार आणि विश्वासाची दोन माणसं. घरात मार खाणाऱ्या बहिणीला चिकाटीची वचनं वाचून दाखवणारा माणूस नहेम्याचं अर्धंच वचन वाचतो.

पायरी 7: ओरड आतून आली तर ऐका

पाचवा अध्याय प्रवचनात फारसा घेतला जात नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाहेर तलवारी, आत भिंत अर्धी, आणि गरीब लोक व त्यांच्या बायका ओरड करतात: धान्यासाठी आम्ही शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, आता आमच्या मुली दासी होतायत. सावकार कोण? त्यांचेच भाऊबंद, सरदार आणि अधिकारी.

नहेम्या म्हणू शकला असता, "आत्ता ही वेळ नाही, आधी भिंत होऊ द्या." मंडळीतले पुढारी हे वाक्य नेहमी वापरतात. तो संतापला, मनाशी विचार केला, आणि भर सभेत सरदारांना जाब विचारला. आपण, आपले भाऊ आणि आपले चाकरही पैसा व धान्य उसनं देत होतो, हे त्याने तिथेच कबूल केलं. "आजच शेतं परत करा."

आणि वहीतल्या पहिल्या रकान्यात बघा. या प्रसंगात आधी प्रार्थनासाखळी नाही, उपासाचा आठवडा नाही. अध्यायाच्या शेवटी फक्त एक ओळ: माझ्या देवा, माझी आठवण ठेव. अन्याय ढळढळीत असताना "यासाठी प्रार्थना करू या" म्हणणं ही पुष्कळदा पळवाट असते. अभ्यासिकेत शिकवणाऱ्या ताईचं ठरलेलं मानधन दोन महिने थकलं असेल, तर त्यासाठी प्रार्थनासभा लावू नका. पैसे द्या.

तेव्हा विरोध आला की पहिला प्रश्न हा विचारा: हा सन्बल्लट बोलतोय की पाचव्या अध्यायातली बाई?

पायरी 8: ओनोला जाऊ नका

भिंत पूर्ण झाली, वेशींना दारं बसवायची तेवढी राहिली, तेव्हा डाव बदलला. ओनोच्या मैदानात भेटू, असा सन्बल्लट आणि गेशेमाचा निरोप आला. ओनो लोदजवळ, यरुशलेमेच्या वायव्येला, जाऊन यायचं तर काही दिवस मोडणार. निरोप चार वेळा आला आणि उत्तर चार वेळा तेच गेलं: मी मोठ्या कामात आहे, मला येता येत नाही, मी आलो तर काम बंद पडेल. उत्तरात शिवी नाही, खुलासा नाही, आणि चौथ्या वेळेला शब्द बदललेले नाहीत. तुमचंही असं एक सभ्य वाक्य आधीच लिहून ठेवा.

पाचव्या वेळी उघडं पत्र आलं. मोहोर नसलेलं, म्हणजे वाटेत ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावं असंच. "असं ऐकू येतं की तू राजा व्हायला बघतोयस, गेशेमही तेच म्हणतो." व्हॉट्सॲपवर 'आलं तसं पाठवतोय' म्हणून फिरणारे मजकूर याच जातीचे. नहेम्याने एकदाच, एका ओळीत कळवलं: तू म्हणतोस तसं काही नाही, हे तुझ्या मनातून काढलेलं आहे. आणि देवाला म्हणाला, आता माझे हात बळकट कर. पत्र खोडून काढायला त्याने सभा घेतली नाही.

तिसरा डाव सगळ्यात अवघड, कारण तो धार्मिक भाषेत आला. शमाया नावाचा एक माणूस म्हणाला, रात्री तुला मारायला येतायत, चल मंदिरात जाऊन दारं लावून बसू. भविष्यवाणीच्या सुरात आलेला सल्ला. नहेम्या म्हणाला, माझ्यासारख्याने पळावं काय? नंतर त्याला उमगलं की हे देवाकडून नाही, तोबीया आणि सन्बल्लटाने पैसे चारले आहेत. मंदिराच्या आत जाण्याचा त्याला अधिकारही नव्हता, तो याजक नव्हता. तुम्हाला कोणी "प्रभूने मला दाखवलं, हे काम सोड" असं सांगितलं तर दोन गोष्टी तपासा: हा सल्ला लिहिलेल्या वचनाच्या विरुद्ध जातो का, आणि तो फक्त भीतीवर उभा आहे का.

लपून बसण्यावरून पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचं शारदासदन, म्हणजे विधवा मुलींसाठीची शाळा, 1889 मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथे त्या प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे, आणि सदनातल्या काही मुली आपणहून येऊन बसत. त्यावरून गदारोळ झाला, 1893 मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दानीएलाच्या सहाव्या अध्यायातल्या उघड्या खिडक्या, ज्यांच्यापाशी बंदी असतानाही दानीएल प्रार्थना करत राहिला, इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. मात्र मंडळाचं म्हणणं साफ चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर मुली आल्या होत्या, आणि पालकांची ओरड पाचव्या अध्यायाच्या कानांनीही ऐकावी लागते. रमाबाईंनी दार लावलं नाही, त्याची किंमतही मोजली. तीन-चार वर्षांतच दुष्काळ पडला, आणि दुष्काळग्रस्त मुली-बायकांना त्यांनी केडगावला आणलं. तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं.

पायरी 9: भिंत झाल्यावरचा तोबीया

एलूल या सहाव्या यहूदी महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, बावन्न दिवसांत कोट पूर्ण झाला. पुढच्याच वचनात शत्रूंचा धीर खचला असं आहे. इथे आपण पुस्तक मिटतो, आणि पुढची तीन वचनं राहून जातात. यहूदाचे सरदार तोबीयाला पत्रं लिहीत होते, त्याचीही पत्रं येत होती. नहेम्यासमोर ते तोबीयाचे गुण गात आणि नहेम्याचं बोलणं तिकडे पोहोचवत. कारण तोबीयाच्या मुलाने मशुल्लामाच्या मुलीशी लग्न केलं होतं. बरेख्याचा मुलगा मशुल्लाम, ज्याने भिंतीचे दोन तुकडे बांधले, तोच. यरुशलेमेचा कोट चढवत होता आणि व्याह्याशी नातंही सांभाळत होता. नहेम्याने त्याला कामावरून काढल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये सगळेच एकमेकांचे सोयरे असतात, तेव्हा सोबतीला बसलेल्या माणसाचं समोरच्या घरात जाणंयेणं असणारच. त्याच्याकडून काम घ्या, आणि महत्त्वाच्या गोष्टी त्याच्यासमोर बोलताना भान ठेवा.

कोट पूर्ण झाल्यावर आठवडाभराच्या आतच, सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं. लोक रडायला लागले तेव्हा त्यांना जेवायला पाठवलं, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना ताटं पाठवायला सांगितली. अभ्यासिकेचं पहिलं सत्र पार पडलं की तुम्हीही हेच करा, वाचन आणि जेवण.

शेवटचं पान तेराव्या अध्यायाचं. नहेम्या बारा वर्षांनी राजाकडे परत गेला, आणि काही काळाने पुन्हा यरुशलेमेत आला तर तोबीयाला मंदिराच्या अंगणात मोठी खोली मिळालेली होती, जिथे पूर्वी धान्य, ऊद आणि पात्रं ठेवत असत. एल्याशीब याजकाने ती दिली होती. नहेम्याने तोबीयाचं सगळं सामान बाहेर फेकलं, खोल्या शुद्ध करवल्या आणि पात्रं परत आत ठेवली.

म्हणून वहीत आत्ताच वर्षभरानंतरची एक तारीख लिहा. त्या दिवशी तिघांनी बसून पहिल्या पानावरची माहिती आणि लिहून काढलेली प्रार्थना वाचायची. कोणती मागणी पूर्ण झाली त्यापुढे तारीख टाकायची. आणि अभ्यासिकेची खोली उघडून बघायची, की तिथे अजून मुलंच बसतायत की कोणाच्या लग्नाची भांडी येऊन पडलीयत.